तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजच्या खेळाडूंनी जाहिराती कराव्यात का?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. शिकायला आलेल्या पोरांनी जाहिरातींतून पैसे कमवावेत का? माझं उत्तर: खुशाल कमवावेत.

ए. जे. ग्रीनचं प्रकरण बघा. जॉर्जिया विद्यापीठाच्या या (अमेरिकन) फुटबॉलपटूने सामन्यात घातलेली आपली जर्सी १,००० डॉलरला विकली. २०१० साली एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेने, त्याला चार सामने बाहेर बसवलं; खेळाडूने खेळातल्या नावावर पैसे कमवायचे नाहीत, हा तेव्हाचा नियम. तो बाहेर बसलेला आणि इकडे त्याच्याच ८ नंबरच्या जर्सीची विक्री विद्यापीठाकडून सुरूच! जर्सीवर नाव नाही, नुसता नंबर. पण घेणारा ती कुणाची म्हणून घेत होता, हे काय सांगायला हवं?

जेरेमी ब्लूमची तऱ्हा आणखी वेगळी. कोलोरॅडोचा हा फुटबॉलपटू स्कीइंगमधला ऑलिंपियनही होता. स्कीइंगचा खर्च प्रायोजकांच्या पैशावर चालायचा. तेवढ्यावरून २००४ मध्ये त्याचं कॉलेज फुटबॉल बंद झालं.

पैसा आला की खेळ बाटतो म्हणे. मग 'मार्च मॅडनेस' या कॉलेज बास्केटबॉलच्या वार्षिक स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क २०२५ ते २०३२ साठी ८.८ अब्ज डॉलरला गेले, त्याने नाही बाटला? मोठ्या संघांचे प्रशिक्षक वर्षाला लाखो डॉलर घेतात, त्यानेही नाही. सोवळं पाळायचं ते फक्त खेळणाऱ्याने.

१ जुलै २०२१ पासून हे सोवळं सुटलं. आता खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमवू शकतात.

पुढे घोळ झाला, हे मान्य. श्रीमंत चाहत्यांनी निधी उभारले आणि जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंची सरळ बोली लागू लागली. हा पगारच; तो जाहिरातीच्या खात्यात दाखवायची लबाडी मला खटकते. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एकेका विद्यापीठाला सगळ्या खेळाडूंत मिळून साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत. ते बरं झालं. पगार तो पगार, जाहिरात ती जाहिरात.

अडकलेत ते विद्यार्थी व्हिसावर आलेले परदेशी खेळाडू. व्हिसाच्या अटींमुळे अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम करणं त्यांना जवळपास अशक्य. त्यांच्यापुढे जुनाच नियम उभा आहे, फक्त तो आता एनसीएएचा नाही, सरकारचा आहे.