विद्यापीठातला आठवडा: तांबडा थर, पल्सार आणि आंबोलीचा सडा

सोमवार

ड्युटी लीव्ह मंजूर झाली एकदाची. बहिणीकडे पुण्यात औंधला उतरलेय. विज्ञान दिनाच्या निमित्ताने विद्यापीठात आठवडाभर रिसर्च टॉक्स आहेत आणि मला किती वर्षं असं नुसतं बसून ऐकायचं होतं, कारण आमच्याकडे बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवताना सिलॅबस संपवण्याच्या नादात रिसर्च म्हणजे कुठेतरी लांब कुणीतरी करतं ते, असंच होऊन जातं.

पहिलाच टॉक कोयनेवर. धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागलं, बारीक धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला, एवढं आपल्याला माहीत असतं. पण धक्के अजून चालूच आहेत आणि ते साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तेवढ्याच पट्ट्यात होतात, हे किती जणांना माहीत असेल? म्हणून तर तिथे गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल बोअर मारली. वरचा १२४७ मीटर नुसता बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, लाव्हावर लाव्हा, आणि त्याच्याखाली एकदम ग्रॅनाइट. मध्ये गाळाचा खडक असेल अशी बऱ्याच जणांची अटकळ होती, तो निघालाच नाही.

सरांनी कोअरचे, म्हणजे बोअरमधून काढलेल्या दगडी कांड्यांचे, तुकडे सोबत आणले होते, ते सगळ्यांच्या हातातून फिरवले. काळा तुकडा चांगलाच जड, गार, आणि त्यात पांढरे ठिपके, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत मागाहून भरलेलं झिओलाइट नावाचं खनिज. दुसरा तुकडा विटेसारखा तांबडा, बोटाला रंग लागतो त्याचा. एक लाव्हा निवला, मग बराच काळ काही नाही, त्यावर माती धरली, आणि वरून दुसरा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. घाटात रस्त्याच्या कटिंगमध्ये काळ्या दगडात हा लाल पट्टा आपण एसटीतून येताजाता बघतोच की. ज्वालामुखी थांबला होता त्या काळाचा तो पट्टा आहे हे कळल्यावर मी तो तुकडा पुढे द्यायचंच विसरले, शेजारच्या मुलीने मागून घेतला.

रात्री सासूबाईंना फोन केला, त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं. त्या म्हणाल्या, अगं जनावरं आधी ओरडायला लागली, मग भांडी पडली, आईनं आम्हाला ओढतच अंगणात आणलं आणि उजाडेपर्यंत कुणी घरात गेलं नाही. मी त्यांना सांगितलं की धक्के पावसाळ्यानंतर धरण भरलं की वाढतात आणि पाणी कमी व्हायला लागल्यावर पुन्हा वाढतात असं नोंदींवरून दिसतं. त्या लगेच म्हणाल्या, ते आम्हाला ठाऊक होतं की, पण आम्हाला कोण विचारतंय! मला वाटतं कुणीतरी तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बसून हे सगळं लिहून घ्यायला पाहिजे, अजून माणसं आहेत तोवर.

मंगळवार

आज माझ्या गावचा विषय. आमच्या भागात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला कुणी जीएमआरटी म्हणत नाही, खोडदची दुर्बीण म्हणतात. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांत उभ्या असलेल्या त्या ४५ मीटरच्या डिश बघतच मी मोठी झाले. एकूण ३०, त्यातल्या १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकीच्या १६ तीन हातांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची खरी कमाल म्हणजे भरीव पत्रा न वापरता तारांवर ताणलेली पातळ जाळी. लांब लहरींना ती जाळी आरशासारखीच, आणि वारा मात्र आरपार निघून जातो, म्हणून एवढी मोठी डिश हलक्या सांगाड्यावर आणि कमी पैशात उभी राहिली. हे मी दरवर्षी शिकवते, तरी आज ज्यांनी तिथे रात्री काढल्यात त्यांच्या तोंडून ऐकताना वेगळंच वाटलं.

विषय होता पल्सार टायमिंग. पल्सार म्हणजे मोठ्या ताऱ्याचा मेल्यावर उरलेला, गरगर फिरणारा गाभा, फिरताना त्याचे रेडिओ ठोके आपल्यापर्यंत येतात. काही पल्सार सेकंदात शेकडो वेळा फिरतात आणि त्यांचे ठोके इतके नियमित की घड्याळ म्हणून वापरता येतात. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरतात त्यातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींमुळे, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींमुळे, हे ठोके किंचित मागेपुढे होतात, पण किंचित म्हणजे एवढे किंचित की ते पकडायला वर्षानुवर्षं मोजत बसावं लागतं. त्यात वाटेतल्या इलेक्ट्रॉन्समुळे रेडिओ लहरी उशिरा पोचतात, आणि फ्रिक्वेन्सी जेवढी कमी तेवढा उशीर जास्त. म्हणजे खोडदच्या दुर्बिणीत हा उशीर सगळ्यात ठळक दिसतो, आणि ठळक दिसतो म्हणूनच तो नीट मोजून वजा करता येतो! जून २०२३ मध्ये युरोपातल्या दुर्बिणींनी ठेवलेल्या २५ पल्सारच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदींबरोबर आपल्या नोंदी जोडून निकाल जाहीर झाला तेव्हा आपल्या दुर्बिणीचं काम नेमकं हे होतं.

शेवटी एका मुलाने विचारलं, मग लहरी सापडल्या ना? तर टॉक देणाऱ्या बाई म्हणाल्या, पुरावा मिळालाय, शोध लागला असं आम्ही अजून म्हणत नाही. हा सगळा योगायोग असण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत १ इतकी खाली आल्याशिवाय तो शब्द वापरायचा नाही असा त्यांच्या क्षेत्रातला दंडक आहे. एवढी वर्षं मोजून झाल्यावरही जीभ आवरायची. टाळ्या पडल्या त्या वाक्याला आणि मीही जोरात वाजवल्या.

बुधवार

बॅटरीवरचा टॉक चांगला होता पण स्लाइड्स फार. दुपारी सागाच्या खोडातल्या वलयांवरून जुन्या पावसाचा अंदाज कसा काढतात ते ऐकलं. कमी पावसाच्या वर्षी वलय बारीक. साग कापत नाहीत, पेन्सिलएवढी कांडी काढून घेतात आणि झाड जगतं. विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळ गेली.

गुरुवार

आजची मुलगी पीएचडीची, आवाज बसलेला, सुरुवातीला जरा घाबरलेली, आणि तिने हॉल जिंकला. विषय सडा. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याचे जे उघडे सपाट सडे असतात ते, सातबाऱ्यावर पुष्कळदा पडीक म्हणून नोंदलेले. आठ महिने तिथे खरंच काही दिसत नाही. पाऊस पडला की दगडातल्या वीतभर खळग्यांत पाणी साठतं आणि तेवढ्यात अख्खं जग उभं राहतं. आंबोलीचा तो पिवळा पट्टेरी भेक, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, शास्त्रीय नाव झँथोफ्रिन टायग्रिना, २००९ मध्ये जगाला नावानिशी कळला, तो अशाच डबक्यांत अंडी घालतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मध्येच पावसाने दडी मारली तर डबकं आटतं आणि पिल्लं जातात. ती रात्री टॉर्च घेऊन सड्यावर बसते, खळग्याची खोली पट्टीने मोजते, वहीत लिहिते, पुन्हा दोन तासांनी मोजते. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीतच हात घालून लिहिते म्हणे, नाहीतर कागदाचा लगदा होतो. तिने त्या वहीच्या पानाचा फोटो दाखवला, कडेला चिखलाचा अंगठा उमटलेला, आणि खाली फक्त आकडे.

सोमवारपासून मनात जे घोळतंय ते हेच. पुस्तकात आम्ही मुलांना २८ फेब्रुवारी १९२८ ही तारीख देतो आणि रामन यांनी शोध लावला म्हणून मोकळे होतो. १९२१ मध्ये बोटीवरून समुद्राचा निळा रंग बघितल्यापासून त्यांचं आणि विद्यार्थ्यांचं जे सात वर्षांचं बघणं, मोजणं चाललं होतं ते कुठे येतच नाही. मग मुलांना वाटतं शोध म्हणजे हुशार माणसाला सुचतो, आपल्याला काही सुचत नाही, म्हणजे हे आपलं काम नाही. माझ्या वर्गात असल्या किती पोरी आहेत ज्यांची वही आरशासारखी स्वच्छ असते, प्रॅक्टिकलला रीडिंग शंभरदा तपासतात, आणि स्वतःला हुशार समजत नाहीत. त्यांना ही वही दाखवायची आहे मला.

शुक्रवार

आज पोस्टर, म्हणजे मुलं आपापलं संशोधन पोस्टरवर मांडून समजावतात. फार गर्दी, पण पोस्टरपाशी उभं राहून बोलता येतं ते हॉलमध्ये येत नाही. बरीच मुलं फेलोशिपबद्दल बोलली. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या मुलांना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली हे खरं, पण ती महिनोन्महिने येत नाही, मग घरभाडं उसनं काढायचं, घरच्यांना सांगायचं नाही, आणि ज्यांना फेलोशिपच नाही ते शिकवण्या घेऊन रिसर्च करतायत. वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या कामात मोजणाऱ्या माणसाचंच पोट अडकवून ठेवायचं, हे मला अजिबात पटत नाही. पावसाळा चुकला तर त्या आंबोलीच्या मुलीचं अख्खं वर्ष जातं, पैसे ऑगस्टमध्ये येऊन काय उपयोग?

तिला गाठून नंबर घेतला. जूनच्या आधी आमच्या कॉलेजात येशील का विचारलं, तर म्हणाली एसटीने येईन मॅडम, फक्त रात्रीची राहायची सोय करा.

शनिवार, २८ फेब्रुवारी

पहाटेच निघून परत खोडद, विज्ञान दिनाचं प्रदर्शन. शाळांच्या बसेस, भेळेच्या गाड्या, धूळ, आणि डिशखाली डबे उघडून बसलेली पोरं. माझ्या एस.वाय.च्या मुली तिथे भेटल्या. त्यांना डिशच्या जाळीखाली उभं करून मंगळवारचं सगळं सांगितलं, इलेक्ट्रॉन्सचा उशीर, ३५ लाखांत १, सगळं. एकीने विचारलं, मॅडम, पण एवढी वर्षं मोजून काहीच नाही निघालं तर? मी म्हटलं, तर किती बारीक मोजलं तरी काही नाही निघालं, हे निघतं, आणि पुढच्याला तिथून सुरुवात करता येते. तिला ते पटलेलं दिसलं नाही. आंबोलीच्या मुलीला हाच प्रश्न विचार म्हणून सांगितलंय.

सोमवारी प्राचार्यांकडे दोन अर्ज द्यायचेत, एक त्या व्याख्यानाचा आणि एक कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवायचा. रोज सकाळी साडेआठला रीडिंग, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, त्यामुळे गावातच राहणाऱ्या मुलींची नावं आधी घेतलीत.