होमस्कूलिंग, दुतोंड्या मारुती आणि बाथरूममधली बादली

परवा भाजी घेताना सोसायटीतल्या एका काकूंनी परत विचारलंच, "अगं पण मुलं दिवसभर करतात तरी काय?" आता खरं सांगायचं तर अर्धा दिवस काहीच करत नाहीत. पण हे उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा असा होतो की मी आपलं हसून कोथिंबिरीची जुडी उचलते.

आमची मोठी नऊ वर्षांची आणि धाकटा सहाचा. मुलांची शाळा सोडवून घरीच शिकवायचं ठरवलं तेव्हा पहिले तीन महिने मी घरातच शाळा भरवली होती, खोटं कशाला बोलू. भिंतीवर टाइमटेबल, पस्तीस मिनिटांचे तास, पांढरा बोर्ड, आणि तास संपला की वाजवायला चक्क देवघरातली घंटा. सासूबाईंनी चार दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "ती घंटा आधी जागेवर ठेव, देव पण दचकत असेल." अकरा वाजेपर्यंत कुकर, मराठी, गणित, धाकट्याचं रडणं आणि माझं ओरडणं सगळं एकदमच चालायचं. संध्याकाळी नवरा सातपूरहून शिफ्ट करून यायचा तेव्हा घरात कोणी कोणाशी बोलत नसायचं.

मग जुलैत पाऊस लागला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली. नाशिककरांना सांगायला नको, पाणी सोडलं की पहिला प्रश्न एकच, गोदावरीच्या पात्रात उभी असलेली जी मूर्ती, त्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला. आम्हीपण गेलो बघायला, लांबूनच, पुलावरून. येताना मोठीने विचारलं, बातम्यांत क्युसेक क्युसेक म्हणतात ते काय असतं. मला अर्धवटच माहीत होतं. घरी येऊन बघितलं तर एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८ लिटर. तिला काही बोध झाला नाही, मलाही नाही.

तेवढ्यात धाकटा वीस लिटरची बादली घेऊन आला. बाथरूमचा नळ पूर्ण सोडला, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, बादली भरायला १ मिनिट ४० सेकंद लागले. म्हणजे आमचा नळ सेकंदाला पाव लिटरपण देत नाही (हे प्लंबरला मी वर्षभर सांगतेय). आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड बादली. मग मोठी पेटलीच. उन्हाळ्यात सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर आमच्या नळाने भरायचा तर? भागाकार करत बसली, दोनदा चुकली, शेवटी जवळजवळ चौदा तास आले. आणि ३००० क्युसेक सोडलं तर दर सेकंदाला साडेआठ टँकर मारुतीच्या अंगावरून जातात! हे तिने आजीला, बाबाला, वॉचमनकाकांना, सगळ्यांना सांगितलं. मोठ्या संख्यांचा भागाकार मी त्या बोर्डावर तीन आठवडे घासत होते हो.

त्या आठवड्यात टाइमटेबल काढून टाकलं. आता सकाळी दीड तास बसायचं, त्यात गणित आणि लिहिणं एवढंच, बाकी जे येईल ते. नाशिकजवळच्या पांडवलेणीला गेलो तेव्हा तिथल्या शिलालेखांच्या जुन्या ब्राह्मी लिपीतला क हा अधिकच्या चिन्हासारखा दिसतो हे तिला एवढं आवडलं की फ्रिजवर भावासाठी ब्राह्मीत चिठ्ठ्या लागायला लागल्या. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, भरपूर कौतुक कोरून ठेवलंय, ते ऐकून माझी लेक म्हणते, "बघ, तू माझं एवढं कधी करतेस का?"

पण सगळं छान छान नाहीये. आईचा दिवस संपतच नाही ही मोठी अडचण. म्हणून दुपारी दोन ते तीन मी उपलब्ध नसते, भांडण झालं तरी रक्त आल्याशिवाय हाक मारायची नाही असा नियम आहे. रविवार पूर्ण नवऱ्याचा, दुचाकीची चेन साफ करणं असो नाहीतर आठवड्याचा हिशोब लिहिणं असो, मी त्यात नाक खुपसत नाही (खुपसते, पण कमी). सासूबाईंकडे पाढे आणि गोष्टी, पावकी निमकी त्यांना अजून तोंडपाठ आहे. हे वाटप झालं नसतं तर मी डिसेंबरातच हात टेकले असते. आणि धाकटा अजूनही पिवळी बस दिसली की खिडकीत जाऊन उभा राहतो. त्याला मित्र हवेत, त्यासाठी संध्याकाळी ग्राउंड कंपल्सरी केलंय, पण ते पुरतंय का, तर नाही पुरत. पुढच्या वर्षी त्याला जायचंच असेल तर जाईल, आम्ही काही शपथ घेतलेली नाही.

कागदपत्रांचं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. ६ ते १४ वयासाठीचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा होमस्कूलिंगबद्दल स्पष्ट काही बोलत नाही. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून देता येते, वय १४ पूर्ण लागतं. आणि मूल शाळेत असेल तर आधीचा दाखला नीट जपून ठेवा, आमचा मिळवायला पाच हेलपाटे झाले, शाळेचं नाव घेत नाही.

बादलीवर अजून मार्करची रेघ आहे. आता धाकट्याला शॉवरचं पाणी मोजायचंय, आणि प्लंबर अजून आलेला नाही.