ड्रोन कोणता, हे तुम्ही विचारलंत म्हणून

कंटाळा आलाय, हे आधी सांगून टाकते. शाळांच्या स्पर्धा असल्या की मैदानाच्या कडेला कुणीतरी क्रीडाशिक्षक गाठतातच. "मॅडम, मुलींच्या फुटबॉल प्रॅक्टिसचं शूटिंग तुम्ही ड्रोननं करता म्हणे. कोणता घेतलाय? कितीला पडला?" मी नाव सांगते, किंमत सांगते. ते मोबाईलमध्ये टिपून घेतात आणि जातात. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

डीजेआय कंपनीचा मिनी २. वजन २४९ ग्रॅम. लग्नाची शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या फोटोग्राफरला मोठा कॅमेरा हवा होता, त्याचा हा जुना मी दोन बॅटऱ्यांसह २८,००० रुपयांना घेतला. झालं उत्तर. पण एवढ्यावर तुम्ही ड्रोन घेऊ नका.

वजन का महत्त्वाचं ते ऐका. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरतात आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याच्या वर २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. त्यालाही सूट आहे, पण वापर व्यावसायिक नसेल तरच. फी घेऊन अकॅडमी चालवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. दुसरं, ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढीच कामं त्यातून वगळली आहेत. तेव्हा "आमचा मावसभाऊ दुबईहून येताना आणतोय" हे मला सांगू नका. तिसरं, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. आमचं मैदान कोल्हापुरात फुलेवाडीच्या बाजूला, उजळाईवाडीच्या विमानतळापासून लांब, म्हणून निभावतं. विमानतळाजवळच्या गोकुळ शिरगावकडच्यांनी पैसे मोजायच्या आधी नकाशा उघडावा. मी तरीही पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवते.

एवढं नियमांचं. आता मी काय शोधत होते ते सांगते, कारण तुम्हीही तेच शोधताय.

घ्यायच्या आधी मी डायरीत यादी केली होती. ती डायरी अजून आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय, "चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत." खाली दोन रेघा मारल्यात. मग फोर-के म्हणजे बारीकसारीकही दिसेल असं शूटिंग, मोठा सेन्सर, आपोआप खेळाडूच्या मागे जाणारा मोड. तेव्हा मला वाटायचं, जितकं जास्त दिसेल तितकं चांगलं शिकवता येईल. आज ती ओळ वाचली की डायरी मिटून ठेवते.

मागे जाणाऱ्या मोडचं आधी सांगते. फुटबॉलच्या सरावाला तो निरुपयोगी आहे. तो एका मुलीला धरतो आणि बाकीच्या दहाजणी चौकटीबाहेर जातात. आपल्याला बघायचं असतं ते दोघींच्या मधलं अंतर. बचावाची ओळ किती मागे राहिली, बॉल उजवीकडे गेल्यावर डावीकडची आत सरकली का. त्यासाठी ड्रोन एका जागी खिळून उभा राहायला हवा. वाऱ्यात न डुलणारा, बस्स. डब्यावर लिहिलेली ३१ मिनिटं वारा नसतानाची असतात. मला २० ते २२ मिळतात, कारण बॅटरी ३० टक्क्यांवर आली की मी उतरवते. म्हणून आठ-आठ मिनिटांचे तुकडे घेते. जून ते सप्टेंबर तो कपाटात, बॅटऱ्या निम्म्या चार्जवर. आपल्याकडच्या पावसात तो काढायचाच नाही. जानेवारीत पतंगांचा मांजा असतो, आणि घारी तर बारा महिने. एकदा एक घार इतकी जवळून गेली की स्क्रीनवर तिचं पोट दिसलं. त्या दिवशी लगेच खाली घेतला.

हे सगळं मी स्पर्धेच्या ठिकाणी दोन मिनिटांत सांगू शकते, आणि सांगतेही. यापुढचं सांगत नाही.

एका वर्षी संघात एक मुलगी होती, नववीतली. नाव लिहीत नाही. मधल्या फळीत खेळायची. बॉल पायात यायच्या आधी ती डाव्या खांद्यावरून मागे बघून घ्यायची. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत न सांगता असं बघणारी तीच एक. मला ते इतर मुलींना दाखवायचं होतं, म्हणून एका शनिवारी सकाळी मी ड्रोन दहा-बारा मीटरवर आणला, कॅमेरा तिरका केला, आणि मिनी २ मध्ये मागे जाणारा मोड नसल्यानं हातानंच तिच्या मागे मागे नेला. फोर-केमध्ये.

शूट सुरेख आलं. ऊन कोवळं, तिची वेणी उडतेय, ती मागे बघते, वळते, दोघींच्या मधून पास काढते. मग दमून गुडघ्यांवर हात ठेवून वाकते आणि हसते. चाळीस सेकंद. मी ते रात्री पालकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "बघा, आपली पोरगी." किती आनंदानं टाकलं होतं ते आता सांगितलं तर खोटं वाटेल.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिच्या मैत्रिणीनं मान खाली घालून मला एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी तो ग्रुपवरून उचलून स्टेटसला ठेवला होता, तिथून आणखी कुणी घेतला होता. पास नव्हता त्यात. फक्त ती वाकलेली, तेवढाच तुकडा कापून, संथ करून, खाली गाणं लावलेलं. कागल तालुक्यातल्या गावी तिच्या चुलत्यांच्या मोबाईलपर्यंत तो चार दिवसांत पोचला होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वडील कॉटवर बसले होते, चुलते खुर्चीवर. आई चहा ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट कोरत होती. चुलते आवाज न चढवता बोलले. "मॅडम, पोरी खेळू देत की. आमचं काय म्हणणं न्हाई. आमी पण तालमीतलीच माणसं. पण ह्ये असलं?"

आणि मी काय केलं? पिशवीतून संमतीपत्र काढलं. वडिलांची सही होती त्यावर. मी म्हटलं, "तुमची परवानगी घेतलेली आहे." वडिलांनी कागद हातात घेतला, सही बघितली, काही न बोलता परत दिला. मी तो घडी घालताना वाचला. "प्रशिक्षणासाठी चित्रीकरण." मीच टाईप केलेलं. ग्रुपवर टाकलं ते प्रशिक्षणासाठी नव्हतं. ते माझ्या कौतुकासाठी होतं. हे मला त्या खोलीत कळलं आणि मी ते त्या खोलीत बोलले नाही. आज लिहितेय.

कोपऱ्यात तिची आज्जी बसली होती. तिला मूळ व्हिडिओ बघायचा होता. मी दाखवला, पूर्ण चाळीस सेकंद. मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून तिनं तो दोनदा बघितला. मग म्हणाली, "बाई, ह्ये वरनं कोण बगतंय?"

"मी बघतेय, आज्जी. मीच चालवते ते."

"तू खाली हाईस की. तिच्या शेजारी. वरनं कोण बगतंय, ते इचारतीया."

मला उत्तर देता आलं नाही. चहा संपवून निघाले. मुलगी फाटकापर्यंत आली नाही.

सायबर पोलिसांकडे तक्रार करा, असं मी वडिलांना फोनवर सुचवलं. त्यांनी नको म्हटलं, आणखी चार जणांना कळेल म्हणाले. ती परत संघात आली नाही. दहावीला चांगले गुण मिळाले, असं ऐकलं.

सहकारी माझी समजूत काढतात. म्हणतात, यात ड्रोनचा काय दोष? मोबाईलवर काढला असता तरी हेच झालं असतं. खरं आहे. काही दिवस मीही स्वतःला हेच सांगत होते, आणि माझ्यावर कुणी बोट ठेवलं की आजही पटकन हेच तोंडात येतं. पण मला पूर्ण पटत नाही. मी मोबाईल घेऊन रेषेवर उभी राहिले की मुलींना माहीत असतं, मॅडम शूटिंग करताहेत. कुणी ओढणी सावरते, कुणी तोंड फिरवते. ड्रोनच्या वेळी पहिल्या आठवड्यात त्या वर बघून हात करायच्या. दुसऱ्या आठवड्यात वर बघायच्या बंद झाल्या. मला तेच हवं होतं! वर बघणाऱ्या मुली नैसर्गिक खेळत नाहीत, म्हणून त्यांनी ड्रोन विसरावा यासाठी मी मुद्दाम रोज उडवत होते. त्या विसरल्या, आणि विसरलेल्या असतानाच मी ते शूट घेतलं.

मग बंद का नाही केलं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. केलं होतं, तीन महिने. त्या तीन महिन्यांत मी फळ्यावर गोल आणि बाण काढून शिकवत होते आणि मुली माना डोलावत होत्या. त्याआधी संगणक कक्षात वरून घेतलेलं दाखवलं होतं तेव्हा आमच्या उजव्या बचावपटूनं स्क्रीनवर बोट ठेवून म्हटलं होतं, "मॅडम, आमच्या दोघींच्या मधून रिक्षा जाईल." तिला ते स्वतःला दिसलं होतं. त्यानंतर तिला ती फट कधी सांगावी लागली नाही. मुलांना तालमींचे, पेठांचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की निम्मं गाव त्यांच्या चुका त्यांना ओरडून सांगतं. माझ्या मुलींना कोण सांगणार? हे मी बचाव म्हणून लिहितेय, मला कळतंय. तरी ते खोटं नाही.

आता मी असं करते. ड्रोन ४० मीटरवर नेते, कॅमेरा सरळ खाली. तिथून साधारण ६० मीटर लांब आणि ३४ मीटर रुंद पट्टा दिसतो. फोर-के बंद, १०८० वर, म्हणजे कमी बारकाव्यात घेते. एका मुलीचं डोकं म्हणजे पडद्यावर जेमतेम सहा-सात ठिपके. पाठीवरचे नंबर वरून दिसत नाहीतच, म्हणून बिब्स, म्हणजे जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची जाकिटं, गडद पिवळी आणि गुलाबी. सकाळी सातला मुलींपेक्षा त्यांच्या सावल्याच जास्त दिसतात, लांबच लांब, आणि कोण वळलीय, कोण उभीच राहिलीय ते सावलीवरून समजतं. मी प्रत्येकीला चालीवरून ओळखते. बाहेरच्याला कुणी ओळखू येत नाही.

ड्रोनचं मेमरी कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलूप लावून. आठवड्यानं पुसते. ग्रुपवर काही टाकत नाही. आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण मला ते दोन महिन्यांनी सापडलं: उडवताना त्याच्या ॲपमध्ये व्हिडिओची एक हलकी प्रत मोबाईलमध्येही साठत असते. कार्ड पुसलं तरी ती राहते. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. त्या मुलीचा शनिवारही तिथेच होता. मी पुसला. पुसायच्या आधी एकदा बघितला, हेही सांगते. डावा खांदा, मागे नजर, वळण, पास.

तुमच्या मैदानाला लागून तीन मजली इमारत असेल तर ड्रोन घेऊ नका. गच्चीच्या कठड्याला मोबाईल बांधा, सगळ्यांना दिसेल असा. आमच्याकडे एका बाजूला ऊस आणि तीन बाजूंना बैठी घरं आहेत.

यंदा संमतीपत्र नव्यानं छापलंय. कुणी बघायचं, कुठे ठेवायचं, कधी पुसायचं, सगळं त्यात आहे. सह्या पालकांच्या असतातच, पण आता उडवायच्या आधी मी मुलींना गोल करून उभं करते आणि विचारते, आज उडवू का? मागच्या वेळी बावीसजणींपैकी तिघींचे हात खाली राहिले. मी त्या दिवशी ड्रोन बॅगेतच ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या तिघींना पलीकडच्या अर्ध्यात खेळायला लावलं आणि अलीकडच्या अर्ध्यावर उडवला. अलीकडच्या एकोणीसजणींना मी संगणक कक्षात त्यांच्या चुका दाखवल्या. त्या वेळात या तिघी बाहेर पायरीवर बसून बुटांची माती काढत होत्या. तिघींतली एक आमची गोलकीपर आहे. तिला तिच्या चुका कशा दाखवायच्या, ते मला अजून सुचलेलं नाही.