आमची वाटचाल : नखं रंगवणाऱ्या मुलींचा आधी विचार

डोंबिवलीत आमचा नेल स्टुडिओ आहे. आसपासच्या पार्लरना नेलपॉलिश, रिमूव्हर आणि जेलचा मालही आम्हीच पुरवतो. सुरुवात घरातल्या पुढच्या खोलीत झाली, लग्नसराईत नवऱ्या मुलींची नखं रंगवून. काम वाढलं तशा हाताखाली मुली आल्या, आणि मग एक गोष्ट मनाला लागून राहिली. नवरी अर्ध्या तासात उठून जाते. तिची नखं रंगवणारी मुलगी मात्र दिवसभर त्याच वासात बसलेली असते. तेव्हापासून माल घेताना आम्ही आधी तिचा विचार करतो.

नेलपॉलिशचा थर बहुधा नायट्रोसेल्युलोजचा असतो. तो पातळ राहावा म्हणून द्रावक लागतं, आणि वाळल्यावर तडकू नये म्हणून लवचीकपणा देणारं रसायन. या दोन कामांसाठी टोल्युइन आणि डायब्युटाइल थॅलेट सर्रास वापरत. टोल्युइनच्या वाफेनं डोकं दुखतं, गरगरतं. थॅलेट प्रजननाला घातक म्हणून युरोपीय संघानं २००४ च्या निर्देशानं ते सौंदर्यप्रसाधनांतून बाद केलं. तिसरं फॉर्माल्डिहाइड, ज्यामुळे माणसाला कर्करोग होतो, आणि त्यापासून बनवलेलं रेझिन. आमच्याकडच्या एका मुलीच्या पापण्या सारख्या सुजायच्या. बोटं मात्र ठणठणीत, त्यामुळे नेलपॉलिशवर कुणाचा संशयच गेला नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर ॲलर्जी तपासणारी चाचणी केली, तेव्हा हे रेझिन सापडलं. रंगवलेली नखं दिवसभर नकळत चेहऱ्याला लागतात, आणि पापणीची कातडी सगळ्यात नाजूक.

मग बाजारात 'थ्री-फ्री', 'फाइव्ह-फ्री', 'टेन-फ्री' आलं, म्हणजे तीन, पाच किंवा दहा घातक रसायनं नसल्याचा दावा करणारं पॉलिश. हे आकडे कुठल्याही कायद्यानं ठरवलेले नाहीत. प्रत्येक कंपनीची यादी वेगळी. कॅलिफोर्निया सरकारच्या विभागानं २०१२ मध्ये तपासणी केली, तेव्हा 'टोल्युइन नाही' म्हणणाऱ्या १२ पैकी १० नमुन्यांत ते निघालं. शिवाय थॅलेट काढून अनेकांनी ट्रायफिनाइल फॉस्फेट घातलं. ड्यूक विद्यापीठ आणि एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप यांनी २०१५ मध्ये २६ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, नखं रंगवल्यावर १० ते १४ तासांनी लघवीतलं त्याचं अवशेष-द्रव्य जवळजवळ सातपट झालेलं दिसलं. हातमोजे घालून कृत्रिम नखं रंगवली तेव्हा तशी वाढ दिसली नाही. म्हणजे हे रसायन मुख्यतः कातडीतून आत जातं, तर टोल्युइन श्वासातून. एकाच बाटलीत नखं रंगवणारीला आणि रंगवून घेणारीला वेगवेगळा धोका असू शकतो, हे मला प्रत्येक पार्लरवालीला सांगावंसं वाटतं.

म्हणून आता बाटलीवर संपूर्ण घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसेल तर माल दुकानात येत नाही. ट्रायफिनाइल फॉस्फेटऐवजी सायट्रेट वापरणारे उत्पादक मिळतात, जरा महाग पडतात. स्वस्त मालच हवा म्हणणारी काही पार्लर आमच्यापासून तुटली. सुटं थिनर आम्ही विकत नाही. घट्ट झालेल्या बाटलीत ते ओतायची सवय वाईट, कारण त्यात टोल्युइन असू शकतं.

आमच्या स्टुडिओत एक्झॉस्ट टेबलाच्या उंचीवर आहे. या वाफा हवेपेक्षा जड असतात. वरचा पंखा त्या फक्त खोलीभर पसरवतो. वापरलेला कापूस झाकणाच्या डब्यातच जातो. गरोदर मुलीला आम्ही बुकिंग आणि हिशेबाचं काम देतो, पगार तोच.

शाळेच्या गॅदरिंगला आया लहान मुलींना घेऊन येतात. त्यांना आम्ही पाण्यावर आधारित पॉलिशच लावतो. भांडी-धुणी करणाऱ्या हातावर ते टिकत नाही, हे खरंच. पण मुलीच्या एका संध्याकाळच्या नाचाला पुरतं, आणि ती त्याच हातानं घरी जाऊन जेवणार असते.

सध्या लक्ष जेलवर आहे. जेल दिव्याखाली घट्ट करणारं टीपीओ हे रसायन युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलं. आपल्याकडच्या पुरवठादारांकडून टीपीओ नसल्याचं आम्ही लेखी मागतो, आणि कच्चं जेल कातडीला लागू न देता लावायला शिकल्याशिवाय मुलीला ते टेबल देत नाही. कच्च्या जेलमधलं ॲक्रिलेट हे रसायन कातडीला लागून त्याची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, आणि मग तिला हा धंदाच सोडावा लागतो.