माणसं बदलायची बाकी आहेत म्हणे

भांडी झाली, मटकी भिजत घातली, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. आमच्या सरकारी कचेरीत दुपारच्या प्रशिक्षणात साहेब सहज म्हणाले, "सिस्टीम तर बदलली. आता माणसं बदलायची बाकी आहेत." सगळे हसले. मीही हसले. हसताना दोन-तीन नजरा माझ्याकडे वळल्या, त्यात एक शुभाची. तिची तरी वळायला नको होती. असो.

साहेब वाईट नाहीत, हीच पंचाईत आहे. खडूस असते तर मनातल्या मनात दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. हा मुलगा (मुलगाच, आमच्या विन्याच्या वयाचा) सगळ्यांच्या आधी ऑफिसात येतो, शिपायालाही अहो-जाहो करतो, टेबलावर चिटोरं ठेवत नाही. म्हणजे जे बोलला ते टोमणा म्हणून नाही, खरंच वाटतं म्हणून बोलला. म्हणून जास्त लागलं.

किती वेळा बदलायचं हो माणसाने? लागले तेव्हा मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसच्या टायपिंगवर नोकरी. मग कॉम्प्युटर आले आणि एमएस-सीआयटी पास व्हा, नाहीतर वेतनवाढ विसरा, असं फर्मान निघालं. विन्याला शेजारच्या काकूंकडे ठेवून क्लासला पळायचे. मग आपले सरकार पोर्टल, मग ई-ऑफिस. २०२५ मध्ये आधी सरकारी कार्यालयं सुधारायचा शंभर दिवसांचा कार्यक्रम, तो संपतोय तोवर दीडशे दिवसांचा. बॅनर लागले, फोटो निघाले, आणि आकडे भरायला आम्हीच थांबलो. शेवटची जलद लोकल चुकली की घरी काय ऐकावं लागतं ते साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं.

आणि बदल मला नवा आहे असंही नाही. मला काम शिकवलं ते कचेरीतल्या आमच्या भाऊसाहेबांनी, आणि ते तयार झाले नगरला, लखीनासाहेब कलेक्टर असताना. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखीनांनी तिथली कचेरी मुळापासून लावून काढली आणि तो पॅटर्न राज्यभर गेला. किती काळ जपायचे त्यानुसार कागदांची अ, ब, क, ड वर्गवारी, आणि टेबलावर सहा गठ्ठे: प्रलंबित वेगळे, कोणाच्या उत्तराची वाट बघणारे वेगळे, ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल वेगळे, ड वर्गातले नष्ट करायचे वेगळे, वगैरे. मी रजेवर असले तरी माझ्या टेबलावर काय अडलंय ते कोणालाही दिसलं पाहिजे, एवढा साधा हेतू. ई-ऑफिस आज पडद्यावर हेच दाखवतं. पुढे बऱ्याच ठिकाणी गठ्ठ्यांचे रुमाल तेवढे राहिले आणि आत कुठलाही कागद कुठेही जाऊ लागला. पण मी माझे गठ्ठे सोडले नाहीत. हे साहेबांना कोण सांगणार? मी तर नाहीच.

विन्याच्या एमपीएससीच्या नोट्समध्ये हे सगळं चौकटी करून लिहिलेलं असतं. पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग १९६६ चा, आधी मोरारजी देसाई, मग हनुमंतय्या. दुसरा २००५ चा, वीरप्पा मोइलींचा, पंधरा अहवाल. तो मोठ्याने पाठ करायचा आणि मी कणीक मळता मळता ऐकायचे. हल्ली मोठ्याने वाचत नाही. त्याचं आज लिहीत नाही.

मुद्दा असा की नियम कमी पडलेत असं मला कधी वाटलंच नाही. २००५ चा आपल्या राज्याचाच कायदा आहे, बदल्यांचा आणि विलंबाचा. एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. छान. मग होतं काय? सहाव्या दिवशी वरून शेरा येतो, "चर्चा करावी." फाइल खाली. घड्याळ पुन्हा एकपासून. चर्चा कसली करायची ते कोणालाच ठाऊक नसतं, मग आम्ही त्याच टिपणीत "उपरोक्त बाबी विचारात घेता" एवढं घालून पुन्हा सादर करतो. कागदाच्या फाइलीला निदान मळकी कड दिसायची. पडद्यावर ती कितीही वेळा खालीवर केली तरी कोरीच दिसते, आणि अहवालात विलंब शून्य.

लोकसेवा हक्काचंही तेच. २०१५ चा कायदा: मुदतीत सेवा द्या, नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत शास्ती. म्हणून मुदत संपायच्या आदल्या दिवशी अर्जात त्रुटी सापडते. आमच्याकडच्या तरुण पोरांनाही हे चटकन जमलं, ज्यांना कोणी "बदला" म्हणत नाही. शुभाला तर फारच छान जमलं. (हे लिहायला नको होतं. खोडत नाही.)

ती पोरं तरी काय करतील? माझ्या अख्ख्या नोकरीत फाइल दाबून ठेवली म्हणून कोणाची विभागीय चौकशी लागलेली मी पाहिली नाही. निर्णय घेतला म्हणून लागलेल्या पाहिल्यात. ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप, सहीवर येतो, न केलेल्या सहीवर येत नाही. तोंडी आदेशांचं तर बोलायलाच नको. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तोंडी आदेशांवर काम करू नका, ते लेखी नोंदवा. कोर्टाचं बरोबरच आहे. पण "साहेबांचा फोन आला होता" एवढं टिपणीत लिहून बघावं कोणीतरी. लिहिणाऱ्याचं टेबल बदलतं. भाऊसाहेबांचं बदललं होतं.

म्हणजे मी बदलायची बाकी आहे की नाही? पुन्हा तिथेच आले.

प्रशिक्षण संपवून खाली आले तर खिडकीशी एक बाई उभी. परवाच मुलासाठी उत्पन्नाचा दाखला घेऊन गेलेली, घरकाम करते, गोवंडीहून येते. दाखला पोर्टलवरून निघालेला, डिजिटल सही असलेला, शिक्क्याची गरज नसलेला. मुलाच्या कॉलेजने परत पाठवला. "मॅडम, ते म्हणाले गोल शिक्का आणा." मी म्हटलं, स्कॅन करून बघा म्हणावं. "सांगितलं ना. आमच्याकडे ते होत नाही म्हणाले." दोन घरांचं काम बुडवून आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत दाखला, त्यावर पावसाचा एक थेंब लागलेला, तो ती पदराने टिपत होती.

आठवड्यापूर्वी मीच पोरांना दटावलं होतं, ऑनलाइन दाखल्यावर शिक्के मारत बसू नका म्हणून. आज ड्रॉवर उघडला. पॅड वाळून कडक झालेलं, बाटलीतलं पाणी शिंपडलं. पहिला ठसा रफ कागदावर, अर्धाच उठला. मग दाखल्याच्या मागे, जरा जोर देऊन. जांभळा, पूर्ण गोल. बाईने फुंकर मारली आणि अशी हसली की जणू दाखला आत्ता मिळाला.

मान वर केली तर दारात साहेब. आता ऐकून घ्यायचं म्हणून मी तयारच झाले. त्यांनी बाईला कॉलेजचं नाव विचारलं, वहीत लिहून घेतलं, आणि मला म्हणाले, "मॅडम, त्यांनी का नाकारला असेल?" खरंच विचारत होते. मी म्हटलं, "तिथेही माझ्यासारखी एक बाई असेल सर. उद्या दाखला खोटा निघाला तर नोटीस तिला येणार. शिक्का असला की ती आमच्यावर ढकलू शकते." ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र देऊ या त्यांना. तुम्ही पुट अप करा."

घ्या. म्हणजे काम मलाच.

लोकलमध्ये उभ्याने मसुदा जुळवत आले. एका कॉलेजला पत्र देऊन काय होणार? उद्या शेजारचं कॉलेज, परवा बँक. पोर्टलचा दाखला पडताळून घेणं ही दाखला घेणाऱ्याची जबाबदारी आहे आणि पडताळून घेतला तर त्याला दोष नाही, असं वरूनच स्पष्ट परिपत्रक निघालं पाहिजे. "दोष नाही" हे शब्द हवेतच, त्याशिवाय ती तिकडची बाई हलणार नाही. टिपणी दीड पानाची होईल. आमच्याकडून वर, तिथून आणखी वर, आणि तोवर साहेबांची बदली झाली नाही तर नवलच. प्रत्येक साहेबाची एक मोहीम असते आणि प्रत्येक मोहिमेमागे एक बदलीचा आदेश येतच असतो, तीन वर्षांचा नियम काहीही म्हणो.

तरी उद्या टाकतेच. आठवड्याभरात "चर्चा करावी" येईल. करू की चर्चा. या विषयावर माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे.