पहिली पसंती, दुसरी पसंती: मेन राज्यातलं माझं पहिलं मतदान

२०२२ च्या उन्हाळ्यात मला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि नोव्हेंबरात आयुष्यातलं इथलं पहिलं मत द्यायचं होतं. आम्ही राहतो मेन राज्यात, बँगरजवळ. मतदार नोंदणीच्या अर्जावरच पक्ष विचारतात. मी कुठल्याही पक्षात नाव न घालण्याच्या चौकटीत खूण केली आणि अर्ज देऊन टाकला.

त्यामागे बरीच वर्षं साठलेली एक चीड होती. मत नसताना मी इथल्या निवडणुका नुसत्या बघत आले होते. ऑफिसात, शेजारीपाजारी, सगळीकडे तेच ऐकू यायचं: तिसरा माणूस चांगला आहे हो, पण त्याला मत दिलं तर फुकट जाईल. शिवाय तो नावडत्याचा फायदा करून देईल ते वेगळंच. आपल्याकडे ‘मतं खायला उभा केलाय’ म्हणतात ना, अगदी तसंच. मेनच्या लोकांना याचा चटका २०१० मध्ये बसला होता. गव्हर्नरच्या, म्हणजे लोकांनी निवडायच्या राज्याच्या प्रमुखाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पॉल लपेज सुमारे ३८ टक्के मतांवर निवडून आले. अपक्ष एलियट कटलर ३६ टक्क्यांवर थांबले आणि डेमोक्रॅटिक उमेदवार लिबी मिचेल १९ टक्क्यांवर. म्हणजे दहातल्या सहा जणांनी ज्यांना मत दिलं नव्हतं, ते गव्हर्नर झाले. यात लपेज यांचा दोष नाही. प्रत्येकाला एकच खूण करू देणारी मतपत्रिका असली की असंच होणार.

म्हणून इथल्या लोकांनी मतपत्रिकाच बदलायचं ठरवलं. २०१६ मध्ये सार्वमत घेऊन पसंतीक्रमाची पद्धत मंजूर झाली: उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती द्यायची, आणि कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटच्याला बाद करून त्याच्या पत्रिकांवरची पुढची पसंती मोजायची. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ती लांबणीवर टाकली, तेव्हा कार्यकर्त्यांनी पुन्हा सार्वमत घ्यायला सह्या गोळा केल्या. १२ जून २०१८ ला पक्षांतर्गत निवडणुकीत लोकांनी ही पद्धत पहिल्यांदा वापरली आणि त्याच दिवशी ती टिकवण्याच्या बाजूने कौलही दिला. थंडीत दारोदार हिंडून सह्या जमवणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. मला ही मतपत्रिका आयती मिळाली.

मी आईला फोनवर समजावून सांगायला लागले, तर तिने मधेच तोडलं. “अगं, म्हणजे आमच्या शिक्षक मतदारसंघासारखंच की! एक, दोन, तीन लिहायचं.” ती निवृत्त शिक्षिका. विधान परिषदेसाठी तिने अनेकदा पसंतीक्रम लिहिलाय. मग तिने १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक काढली. पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी किमान मतं, गाठता आला नाही, मग मागे पडलेले उमेदवार सी. डी. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पाच मिनिटांत माझं शिकवणं संपलं.

इथे मात्र आकडे लिहायचे नसतात. डावीकडे एकाखाली एक उमेदवारांची नावं, वर आडव्या रकान्यांवर पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती, आणि प्रत्येक चौकटीत एक छोटा लंबगोल. तो काळा करायचा. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहासाठी आमच्या दुसऱ्या मतदारसंघात तीन नावं होती: डेमोक्रॅटिक जॅरेड गोल्डन, रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन आणि अपक्ष टिफनी बाँड. नमुना मतपत्रिकेवर मी घरी दोनदा सराव केला होता. तरी केंद्रावर उभं राहिल्यावर हात जरा घाईत चालला आणि पहिल्याच रकान्यात माझे दोन लंबगोल काळे झाले. म्हणजे एकाच पसंतीला दोन माणसं. तशीच पत्रिका दिली असती तर त्या निवडणुकीपुरतं माझं मत बाद झालं असतं. पोटात गोळा आला. टेबलामागच्या बाईंना दाखवलं, त्यांनी ती बाजूला ठेवली आणि शांतपणे दुसरी कोरी पत्रिका दिली. हे नव्या मतदारांना मी आवर्जून सांगते: चूक झाली तर खाडाखोड करू नका, पत्रिका बदलून मागा.

दुसऱ्या पत्रिकेवर मी सावकाश गेले. पहिल्या रकान्यात बाँड. मग दुसरा रकाना. तिथे दोन मोठ्या पक्षांपैकी त्यातल्या त्यात कोण चालेल, याचा विचार करायचा होता. तो मी केला आणि लंबगोल भरला. मनात एकदाही ‘पण मग तो निवडून आला तर’ हा हिशेब आला नाही. मन आणि मत यांच्यात कुठेच तडजोड नव्हती.

त्याच मतदानात गव्हर्नरची निवड होती आणि तिथे जुनीच पद्धत: एक खूण, विषय संपला. राज्याच्या घटनेत गव्हर्नर सर्वाधिक मतांनी निवडावा असं लिहिलंय, आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं की पसंतीक्रमाची पद्धत त्यात बसत नाही. ज्या निवडणुकीच्या वेदनेतून हा कायदा जन्मला, तिलाच तो लागू नाही! मी तिथे अपक्ष सॅम हंकलर यांच्या नावापाशी थांबले, आणि पुढे सरकून मोठ्या पक्षातल्या एका नावासमोर खूण केली. एकाच सकाळी एकाच पेनाने मी एकदा खरं मत दिलं आणि एकदा भीतीपोटी. मतपत्रिकेची रचना माणसाच्या वागण्यावर किती परिणाम करते, हे मला त्या दोन खुणांत कळलं.

निकालाला आठवडाभर लागला. पहिल्या मोजणीत गोल्डन ४८ टक्क्यांच्या आसपास, पॉलिक्विन ४५, बाँड सातच्या जरा खाली. कोणीच निम्म्याच्या पुढे नाही. मग ठिकठिकाणच्या मतपत्रिका आणि मतमोजणी यंत्रांतली माहिती राजधानी ऑगस्टाला नेऊन पुढची फेरी झाली. बाँड बाद, त्यांच्या पत्रिकांवरची दुसरी पसंती वाटली गेली आणि गोल्डन सुमारे ५३ टक्क्यांनी जिंकले.

आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ यावर फार नाराज होते. त्यांचा राग २०१८ पासूनचा. तेव्हा पॉलिक्विन पहिल्या मोजणीत सुमारे दोन हजार मतांनी पुढे होते आणि दुसऱ्या पसंतीनंतर गोल्डन यांच्याकडून हरले. प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेलं, तिथेही ते हरले. शेजाऱ्यांचं म्हणणं, तुम्हाला दोन मतं आणि मला एकच. मी त्यांना सांगितलं, तुमचं मतही दुसऱ्या फेरीत मोजलं गेलं, तुमचा माणूस रिंगणात होता म्हणून ते त्याच्याकडेच राहिलं. त्यांना ते पूर्ण पटलं नाही. मात्र त्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे: आठवडाभर निकाल लटकला की लोकांचा विश्वास डळमळतो. मोजणी लवकर व्हायलाच हवी.

आणि दोन पक्षांचं वर्चस्व मोडलं का? नाही. निवडून आले ते मोठ्या पक्षाचेच. पण बाँड यांना मिळालेली मतं खरी होती आणि ती सगळ्यांना दिसली. ‘तुमच्यामुळे आम्ही हरलो’ असं बाँड यांच्या मतदारांना म्हणायची सोय राहिली नाही. मला याचं मोल मोठं वाटतं. म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये ओरेगन, कोलोरॅडो, आयडाहो आणि नेव्हाडाच्या मतदारांनी अशा प्रस्तावांना नकार दिला तेव्हा वाईट वाटलं. अलास्काने ही पद्धत हजाराहून कमी मतांच्या फरकाने कशीबशी टिकवली.

त्याच निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात शेजारी स्वतःहून आमच्याकडे आले, हातात नमुना मतपत्रिका. अध्यक्षपदाला पाच नावं होती. “पाचही जणांना क्रम द्यावाच लागतो का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, जितक्यांना द्यावासा वाटतो तितक्यांनाच द्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी पेन्सिलीने पहिल्या रकान्यात एक लंबगोल नीट, कडेपर्यंत भरला. दुसऱ्या रकान्यावर पेन्सिल जरा वेळ तशीच धरली. मग कागदाची घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, बघतो, अजून चार दिवस आहेत.