कूलिडोर अपडेट ६ : तीन मिलिमीटरचा चोर

मागच्या वेळी लई ऐटीत लिहिलं होतं मी, की आर्द्रतेचा आकडा ६५ टक्क्यांवर असा बसलाय की हलायला तयार नाही, आता कूलिडोरचा (म्हणजे सिगारी जपायला आतली आर्द्रता राखलेला आइस बॉक्स) विषय माझ्यापुरता संपला वगैरे वगैरे. तर नागपंचमीला गावी गेलो, झाकण उघडलं, वरच्या ट्रेचा वास एकदम झकास, आणि खालचा ट्रे उचलला तर तळाला तपकिरी भुकटी. आधी वाटलं चुरा असंल, एखाद्या सिगारचा फूट (पेटवायचं टोक) घासला असंल. मग एक रोबुस्तो (आखूड, जाड सिगार) हातात घेतली आणि बँडच्या (नावाच्या कागदी पट्टीच्या) खाली बोटभर अंतरावर भोक. दाभणानं पाडल्यासारखं गोल, कडा एकदम स्वच्छ. पांढऱ्या कागदावर हलकेच आपटली तर आधी पिठासारखी भुकटी पडली आणि तिच्या मागून एक भुंगा, झोपेतून उठवल्यासारखा पाय हलवत.

४३ पैकी ११. मोजायला पाऊण तास लागला कारण प्रत्येक सिगार खिडकीजवळ नेऊन फिरवून बघत होतो आणि मधेमधे नुसताच बसून राहत होतो.

ज्यांना सेटअप आठवत नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात. ५० लिटरचा निळा आइस बॉक्स (आपल्याकडं कूलर म्हटलं की लोकांना खसवाला कूलरच आठवतो म्हणून मी आइस बॉक्स म्हणतो, आई अजून 'कुल्फीवाल्याची पेटी' म्हणते), तुनीच्या लाकडाचे दोन ट्रे, बोव्हेडाच्या, म्हणजे आतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरून ठेवणाऱ्या, ६० ग्रॅमवाल्या सहा पुड्या. एप्रिलपर्यंत सगळं नांदेडच्या फ्लॅटमध्ये होतं. वरचा मजला, स्लॅब तापतो, मे महिन्यात बेडरूम ३७ वर जाते आणि आइस बॉक्स काही थंड करत नाही, नुसता उशीर करतो, दोन दिवसांत आत पण तेवढंच होतं. म्हणून अक्षय तृतीयेला पेटी वसमतजवळच्या आमच्या गावच्या घरी नेली. जुनं माळवदाचं घर, दीड हात जाडीच्या भिंती, आतल्या खोलीत बाहेर ४२ असताना ३१. मला वाटलं जिंकलो.

आता कळतंय की ते ३१ च घातक होतं. हा किडा, ज्याला सगळे टोबॅको बीटल म्हणतात, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, त्याला तिशीच्या आसपासचं तापमान आणि सत्तरीच्या आसपासची आर्द्रता म्हणजे स्वर्ग. २० च्या खाली गेलं की त्याची वाढ जवळपास थांबते, आणि आपल्या मराठवाड्यात घरात २० कधी असतं, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे. म्हणजे मी तीन महिने मन लावून, डिस्टिल्ड वॉटर आणि पुड्यांवर पैसे घालून, त्यांच्यासाठी हॉस्टेल चालवत होतो. भुंगा स्वतः फारसं खात नाही, खाते ती त्याची अळी, ती आतल्या आत बोगदा करत जाते आणि भुंगा झाला की भोक पाडून बाहेर. म्हणजे भोक दिसतं तेव्हा कार्यक्रम उरकलेला असतो.

मग पहिला प्रश्न, आला कुठून. आणि इथं मी माती खाल्ली.

दुबईहून मित्र जे आणतो ते सगळं मी कीड मरावी म्हणून आल्याआल्या फ्रीझ करतो, हे मागं लिहिलंय. फ्रीझ केले नव्हते ते फक्त तमिळनाडूतल्या त्रिचीचे चिरूट. म्हटलं देशी माल, कागदात गुंडाळलेलं बंडल, ह्यांच्यातूनच आली असणार कीड. ज्यांच्याकडून मागवतो त्यांना फोन लावला आणि नको ते बोललो. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, "साहब, छेद किसमें है, वो पहले देखो." फोन ठेवल्यावर बघितलं तर चिरूट मी वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवले होते आणि एकाला सुद्धा भोक नाही, भुकटीचा कण नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली आणि आणखी दोन बंडलं सांगितली. (चिरूट हा शब्द मुळात तिकडच्याच तमिळ सुरुट्टुवरून आलाय, गुंडाळलेलं ते सुरुट्टु. साधी गोष्ट आहे, रॅपर (वरचं गुंडाळायचं पान) खडबडीत, पण पैसा वसूल, आणि माझ्या मते आपल्याकडं त्यांना उगाच खालचं समजतात.)

मग चित्र काढलं. खरंच काढलं, वहीच्या पानावर, दोन्ही ट्रे आणि कुठली सिगार कुठं होती. ११ पैकी ९ खालच्या ट्रेमधल्या, आणि त्यातल्या ७ एकाच कोपऱ्यात. तो कोपरा कुठला, तर पाणी काढायच्या बुचाचा.

आता अपडेट ४ काढून वाचा कोणी, मी स्वतः वाचलं आणि लाज वाटली. त्यात मी मोठ्या कौतुकानं लिहिलंय की बुच काढून त्या भोकातून हायग्रोमीटरच्या (आर्द्रता मोजायच्या यंत्राच्या) सेन्सरची वायर कशी आत घेतली, म्हणजे झाकण न उघडता बाहेरून आकडा दिसतो, आणि उरलेल्या जागेत फोम कसा कोंबला. वायर दोन मिलिमीटरची, भोक बोट जाईल एवढं, आणि फोम म्हणजे चपलेच्या खोक्यात आलेला. हवा अडत होती म्हणून आकडा स्थिर राहिला. पण हा किडा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. फोम ओढून काढला तर आत एक मेलेला आणि एक जिवंत.

आबांना (माझे थोरले चुलते, पेटी त्यांच्याच शेजारच्या खोलीत असते) दाखवला तर बघता क्षणी म्हणाले, "हळदीची कीड हाय ही. त्यात एवढं काय बघायलास?" मी म्हटलं आबा, हा तंबाखूचा किडा आहे. तर म्हणाले, "तुझ्या तंबाखूच्या आधीपासून आमच्या हळदीत हाय. कामून ठिवलास मग ती पेटी हितं?"

आणि शेजारच्या खोलीत मार्चपासून नऊ पोती हळद, शिजवून वाळवून पॉलिश केलेली, भाव येईल म्हणून थांबवलेली. जिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय ती वसमतची हळद. मी ती पोती ओलांडून पेटीपर्यंत जात होतो दर वेळी.

तरी मला खात्री करायची होती, कारण हळदीत दोन सारखे दिसणारे किडे लागतात. हा आणि त्याचा भाऊबंद ड्रगस्टोअर बीटल. दोघंही तांबूस तपकिरी, दोघंही डोकं खाली घालून कुबड काढल्यासारखे. फरक बघायचा तर मिशा बघायच्या. आपल्याच्या मिशा करवतीच्या दात्यासारख्या शेवटपर्यंत (सेरिकॉर्नी म्हणजेच करवती शिंगाचा), दुसऱ्याच्या मिशांना टोकाला तीन फुगीर मण्यांची गाठ, आणि पाठीवर रेघांच्या ओळी. नांदेडच्या एका सोनार मित्राकडून दहा पटीचं भिंग आणलं, एका पोत्याचं तोंड सोडून हळकुंडं ताटात ओतली आणि चहाच्या गाळणीनं चाळली. सात सापडले. उन्हात पालथं पडून, एका डोळ्यानं भिंगात, श्वास रोखून, कारण फुंकर बसली की उडाला. सातपैकी पाच करवतवाले, दोन रेघांवाले. सिगारमधून निघालेले सगळे करवतवाले. आबा खाटेवरून बघत होते, काही बोलले नाहीत, नुसतं सुपारी कातरत राहिले.

आबांच्या हळदीला गॅसच्या गोळ्या लावायचं एकानं सुचवलं. राहत्या घरात? अजिबात नाही, माणसं मरतात त्यानं. हळद त्यांनी तशीही गेल्या आठवड्यात मोंढ्यावर नेली, भाव पडेल तो पडेल म्हणून. माझ्यामुळं नाही म्हणतात, पण मला तसंच वाटतंय.

तर आता उपचार. भोकाच्या ११ सरळ गेल्या (एक ओढून बघितली, भोकावर बोट ठेवून, बासरीसारखी. ड्रॉ, म्हणजे धूर ओढला जाणं, भयाण). उरलेल्या ३२ मध्ये चिरूट धरून अंडी असू शकतात असं धरून चालायचं, अंडं डोळ्याला सहज दिसत नाही. ती मारायला उणे १८ ला तीन दिवस हा आपला नेहमीचा हिशोब. घरच्या सिंगल डोअर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवला तर उणे ९. म्हणजे आजवर मी जे जे 'फ्रीझ' केलं म्हणून सांगत आलो ते नुसतं गारठवलेलं होतं! हे कबूल करायला जास्त जड जातंय. दुबईच्या मालातून पण आली असंल का कीड, तर असंल, नाही म्हणत नाही, पण त्या कोपऱ्याचं चित्र आणि फोममधले दोन बघता माझं मत हळदीवरच आहे.

मित्राचं आइस्क्रीमचं दुकान आहे, त्याच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १९. त्याला सांगितलं औषध आहे. दुहेरी झिपच्या पिशव्या, हवा दाबून काढलेली, वर घट्ट झाकणाचा डबा, डब्यावर चिकटपट्टी. आत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर, कारण दुपारी लाइट जाते आणि मला बघायचं होतं की मधे किती वर चढतं. चढलं फक्त उणे १६ पर्यंत, म्हणून एक दिवस जास्त ठेवला. मग २४ तास साध्या फ्रीजमध्ये, मग पिशवी न उघडता खोलीत. पहिल्या बॅचच्या १६ पैकी दोनांचं रॅपर तडकलं, दोन्ही कनेक्टिकट जातीच्या पानाचे, ते रॅपर तसंही पापडासारखं असतं. बाकी १४ सुखरूप. ही एवढी एकच गोष्ट महिन्यात मनासारखी झाली आणि त्या रात्री मी एक चिरूट गच्चीत बसून शेवटपर्यंत ओढला, शहाबादी फरशी अजून कोमट होती, खाली कुणाच्या तरी लग्नाचा बँजो.

दुसरा छोटा आनंद म्हणजे नवीन ब्लूटूथ हायग्रोमीटर. वायर बंद, बुच परत जागेवर, वरून एमसील. तो आकडा बरोबर दाखवतो का हे बघायला मिठाची टेस्ट केली, बाटलीच्या झाकणात मीठ, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी, पिशवीत रात्रभर. ७५ यायला पाहिजे, आला ७३, म्हणजे दोन मिळवायचे. या आधी ऑनलाइन पाचच्या सेटमध्ये स्वस्तातले घेतले होते, एकाच पिशवीत पाचांचे पाच आकडे, ६४ पासून ८१ पर्यंत, जणू ग्रामसभा. ते घेऊ नका कोणी, कुणाचे ते सांगत नाही पण पाच एकत्र विकतात तेव्हाच समजून घ्या.

तुनीच्या ट्रेबद्दल मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. सिगारच्या पेट्यांना वापरतात तो स्पॅनिश सिडार ना स्पेनचा ना देवदार, तो महोगनीच्या कुळातला, आणि आपली तून त्याच कुळातली, कडुनिंब पण त्याच घराण्यातला. वखारीतला मिस्त्री सागच घ्या म्हणून मागं लागला होता, पण सागाचा तेलकट वास सिगारला लागतो. पॉलिश नाही, वॉर्निश नाही, नुसतं पॉलिश पेपरनं घासायचं आणि डिस्टिल्ड वॉटरच्या फडक्यानं पुसायचं. लाकडाच्या वासानं किडा येत नाही असं लोक लिहितात. माझ्या ११ सिगारी तुनीच्या ट्रेवरच होत्या, तेवढं बघा.

पुढचा प्लॅन असा होता की पेटी परत त्याच खोलीत, पण बाहेर सेरिकॉर्निनचा सापळा. हे त्याच्या मादीचं गंधद्रव्य, नर चिकटपट्टीवर येऊन बसतात, तंबाखूच्या गोदामांत वापरतात. सापळा लावलाय, चार दिवसांत नऊ चिकटलेत, आणि हळद जाऊन आठवडा झालाय. म्हणजे खोलीच्या सांदीकोपऱ्यात अजून बरेच आहेत.

आणि हे लिहितालिहिताच डोक्यात आलं की मी उगाच सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवतोय (शब्दशः). चिरूट वाचले ते त्रिचीच्या पुण्याईनं नाही, वेगळ्या पिशवीमुळं. मग आइस बॉक्सच्या आत रबरी कडेचे, चार बाजूंनी लॉक होणारे चार डबे का नाही? प्रत्येकात एक बोव्हेडा, नवीन माल आला की दोन महिने वेगळ्या डब्यात कोंडून ठेवायचा, कारण तिशीला तेवढ्यात अंड्याचा भुंगा होतो, असंल तर तिथंच कळंल. एका डब्यात लागली तरी बाकी तीन वाचतील. ट्रे मात्र कापावे लागतील, डब्याच्या मापानं, आणि ते घासायला मला चार रविवार गेले होते. बायकोला सांगितलं तर म्हणाली, डबेच हवाबंद असतील तर मग कूलर कशाला पाहिजे? मी म्हटलं तापमान हळूहळू बदलतं त्यात, दुपारचा झटका बसत नाही. तिला पटलं नाही. मला पण ६५ टक्केच पटलंय.

दुसरी बॅच शुक्रवारी फ्रीजरमधून निघंल. डबे ५ लिटरचे बघतोय, तीन मिळालेत, चौथा अगदी तोच आमच्याच घरात आहे पण त्यात कुरडया भरल्यात. गणपतीत तळून संपतील म्हणते बायको.